कमरेचा भोपळा आणि कृष्णेचा पूर

२४ जुलै १९४३. सांगली संस्थानच्या तुरुंगातून त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून बाहेर पडले. तुरुंग गणेशदुर्गाच्या आत होता. भोवती तट, तटाबाहेर खंदक. बंद्यांनी तटावरून खाली उड्या घेतल्या, खंदक ओलांडला आणि नदीकडे धाव घेतली. पाठीमागे पोलीस होते आणि समोर आषाढातली कृष्णा, दोन्ही काठ भरून.

त्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना गोळ्या लागून वीरमरण आले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा पकडले गेले. हा इतिहास सांगलीकरांना पाठ आहे. त्यातली एक गोष्ट मात्र सांगताना कोणी क्षणभरही थांबत नाही, इतकी ती गृहीत धरलेली असते. पुराने फुगलेल्या नदीत उडी घेण्याचा विचार या तरुणांच्या मनात आला तरी कसा? हातात शस्त्र, अंगावर कपडे, धावून धावून छाती फुललेली. अशा अवस्थेत पाण्यात शिरणे म्हणजे एका मरणातून दुसऱ्या मरणात जाणे, असे त्यांना वाटले नाही.

याचे उत्तर शौर्यात आहेच. पण ते विहिरींतही आहे.

वसंतदादांचे पद्माळे गाव सांगलीजवळचे, कृष्णाकाठचे. त्या काळी सातारा जिल्हा आजच्यापेक्षा फार मोठा होता. १९४९ मध्ये त्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला, संस्थानी मुलूख त्यात मिळाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा या नद्यांच्या काठी आणि त्यांच्यामधल्या मळ्यांत वाढलेल्या मुलाला पोहणे कोणी ‘शिकवत’ नसे, निदान तसे म्हणत नसत. थोरला भाऊ किंवा चुलता त्याला विहिरीवर नेई, कमरेला वाळलेला भोपळा बांधी आणि पाण्यात सोडी. भोपळा नसेल तेथे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, पुढे रॉकेलचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा आणि त्याच्याही पुढे ट्रॅक्टरची ट्यूब. साधने बदलली, पण त्यांतला गुण एकच राहिला. आकार मोठा आणि वजन नगण्य.

हा गुण नेमका किती उपयोगी पडतो, हे आकड्यांत मांडले तर थोडे आश्चर्य वाटते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथे आर्किमिडीजने तरंगणाऱ्या वस्तूंवर एक ग्रंथ लिहिला. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, हा त्याचा सिद्धांत. शालेय पाठ्यपुस्तकांत या जोराला प्लावक बल म्हणतात. आता ६० किलो वजनाचा एक सडपातळ तरुण घेऊ. त्याने साधा श्वास सोडला, की त्याच्या शरीराचे आकारमान ५९ लिटरच्या आसपास धरता येईल. म्हणजे पाणी त्याला ५९ किलोंच्या जोराने वर ढकलते आणि तो एका किलोने जड ठरतो. तो बुडेल, पण सावकाश. आता त्याने छाती भरून श्वास घेतला. तीन लिटर हवा आत गेली, आकारमान ६२ लिटर झाले, वजन मात्र होते तेवढेच राहिले. आता तो दोन किलोंनी हलका आहे. बुडणे आणि तरंगणे यांमधला सगळा फरक एका श्वासाचा आहे.

माणसाचे शरीर पाण्याच्या इतके जवळ असते. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू किंचित जड, हाडे बरीच जड आणि फुप्फुसांतली हवा जवळपास बिनवजनाची. या सगळ्यांची बेरीज पाण्याच्या घनतेच्या थोडी अलीकडे किंवा थोडी पलीकडे येते. तालमीतला पिळदार पैलवान पाण्यात लवकर खाली जातो आणि अंगाने भरलेली माणसे सहज तरंगतात, त्याचे कारण हेच. कुस्तीचा फड गाजवणाऱ्या मुलखात हे जरा अन्यायाचे वाटेल, पण पाणी ताकद पाहत नाही.

मग दोन किलोंनी हलका असलेला माणूस बुडतो का? कारण तो उभा असतो. दोन किलोंनी हलका म्हणजे शरीराचा साधारण दोन लिटर भाग पाण्याबाहेर राहणार. डोके चार-साडेचार लिटरांचे असते. माणूस पाण्यात सरळ उभा राहिला, तर त्याचे कपाळ आणि डोळे फार तर बाहेर येतील. नाक आणि तोंड पाण्याखालीच. तोच माणूस उताणा झाला, मान मागे टाकली, कान पाण्यात बुडू दिले, की तेच दोन लिटर चेहऱ्याच्या वाट्याला येतात. शरीर तेच, हवा तेवढीच, पण आता श्वास घेता येतो. नवशिक्याला हेच सर्वांत अवघड जाते. कान बुडाले की त्याला आपणच बुडालो असे वाटते. तो डोके वर काढतो, आणि डोके वर आले की त्याच्या वजनाने बाकीचे अंग खाली जाते.

हातांचे गणित तर याहून क्रूर आहे. एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो, म्हणजे आपल्या तरुणाचा तीन किलो. तो पाण्यात असेपर्यंत पाणी त्याला पेलते. मदतीसाठी तो वर काढला, की ते तीन किलो डोक्यावर ठेवलेल्या ओझ्यासारखे होतात, आणि शिल्लक तर दोनच किलोंची होती. हात वर करून ‘वाचवा’ म्हणणारा माणूस त्याच कृतीने खाली जातो. पुन्हा ओरडायचे म्हणजे छातीतली हवा सोडणे आले. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण केले. खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही, तो निमूटपणे उभाच्या उभा खाली जातो, असे त्यांनी दाखवून दिले. विहिरीच्या काठावर बसलेल्यांना खाली काही घडते आहे हे कळतच नाही, ते यामुळे.

आता भोपळ्याकडे वळू. पाच लिटर आकाराचा, आतून पोकळ आणि कडक वाळलेला भोपळा अर्धा किलो वजनाचा धरला, तर तो पाण्यात साडेचार किलोंचा आधार देतो. तरंगायला कमी पडत होता एखाद-दुसरा किलो, आणि डोके बाहेर ठेवायला लागतात तीन-चार. म्हणजे एका भोपळ्यात काम भागते. तो गळ्यात किंवा छातीवर न बांधता कमरेला बांधण्यातही शहाणपण आहे. माणसाच्या शरीरात हवा छातीत असते आणि वजनाचा मध्य बेंबीच्या खाली. त्यामुळे पाणी छातीला वर उचलते आणि पाय खाली ओढले जातात. आडवा पडलेला माणूस हळूहळू उभा होतो. कमरेच्या भोपळ्याने नेमका हा बुडणारा भाग उचलला जातो आणि पोरगे आपोआप आडवे राहते. हे गणित कोणी मांडले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या पोरे पाण्यात सोडून पाहिल्यावर जे टिकले, ते हे.

हवेला दोस्त करण्याची ही युक्ती फार जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असीरियाच्या राजवाड्यातील इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील शिल्पपट आहेत. त्यांत सैनिक फुगवलेल्या कातड्यांना मिठी मारून नदी ओलांडताना दिसतात. १५३९ मध्ये चौसा येथे शेरशहाकडून पराभव झाल्यावर हुमायून गंगेत बुडता बुडता वाचला, तो निजाम नावाच्या भिश्त्याच्या फुगवलेल्या पखालीच्या आधाराने. त्या उपकाराची फेड म्हणून बादशहाने भिश्त्याला थोडा वेळ तख्तावर बसवले, अशी प्रसिद्ध कथा आहे. त्याचा बाप बाबर मात्र पट्टीचा पोहणारा होता. आपण गंगा किती हातांत पार केली, हे त्याने आत्मचरित्रात मोजून लिहिले आहे. बाप-लेकांतला हा फरक बोलका आहे. मराठी मुलखात दोन किंवा अधिक भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणत. शब्द इतका रुळला, की पाण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टींचीही आपण सांगड घालतो.

साताऱ्याच्या आसपास पाण्याचे धाडस हे भक्तीच्या इतिहासातही डोकावते. चाफळच्या मंदिरातील राममूर्ती समर्थ रामदासांनी अंगापूरच्या डोहातून वर काढली, असे परंपरा सांगते. डोहातून जड मूर्ती काढायची, तर तळाशी जायला हवे, आणि छाती भरलेली असेल तर माणूस तळाशी सहजी जात नाही. बुडी मारणारे दगड घेऊन उतरतात, ते यासाठी. दुसऱ्या बाजूने पाण्यातला दगड हलकाही लागतो; आपल्या आकारमानाएवढ्या पाण्याचे वजन तो गमावतो. पाषाणाची मूर्ती पाण्याखाली जवळपास एक तृतीयांश हलकी भासते आणि काठावर आणताना एकाएकी जड होते. भिजलेल्या कपड्यांचेही तसेच. धोतर पाण्यात माणसाला खाली ओढते हा समज पूर्ण खरा नाही. पाण्यातल्या कापडातले पाणी पाण्यालाच पेलता येते. कापड पायांत गुंतते, हालचाल अडवते आणि बाहेर पडण्याच्या क्षणी वजन दाखवते. सगळी दमछाक काठावर होते.

या भागातल्या जुन्या विहिरी पाहिल्या, की पोहण्याची शाळा कुठे भरत असे ते कळते. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर ही त्यांची राणी. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ असा काळ तेथील शिलालेख सांगतो. खाली उतरायला प्रशस्त जिना आणि वर मोटा चालवण्याची जागा. साध्या मळ्यातल्या विहिरीला एवढा थाट नसे, पण धाव, थारोळे आणि पाण्यापर्यंत जाणाऱ्या दगडी पायऱ्या असत. पायऱ्या महत्त्वाच्या. ज्या विहिरीतून बाहेर येता येत नाही, तिथे तरंगता येऊनही माणूस अखेर थकतो.

विहिरीत ढकलून देण्याची रीतही होती, आणि तिचे गोडवे आजही गायले जातात. ‘पडला की आपोआप हातपाय मारतो’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. ते वाचलेल्यांनी सांगितलेले वाक्य आहे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. घाबरलेले मूल पडताक्षणी किंचाळते, हवा बाहेर टाकते आणि जड होते. डोके वर काढायला धडपडते आणि उभे होते. म्हणजे तरंगण्यासाठी जे करू नये, ते सगळे भीती त्याच्याकडून करून घेते. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने पोहू न शकणाऱ्या एका मित्राला पत्रातून याच्या नेमका उलट उपाय सुचवला होता. छातीइतक्या पाण्यात काठाकडे तोंड करून उभे राहायचे, पुढ्यात एक अंडे टाकायचे आणि डोळे उघडे ठेवून ते उचलायला खाली वाकायचे. अंडे हाती येणे कठीण जाते, कारण पाणी माणसाला वर ढकलत राहते. बुडायचा प्रयत्न करूनही बुडता येत नाही, हे एकदा अंगाला समजले की भीती सुटते. भोपळा बांधणारा चुलता हेच करत होता. पोराला आधी विश्वास, मग हातपाय. चार दिवसांनी भोपळ्याची गाठ किंचित सैल करायची, मग लहान भोपळा द्यायचा आणि एक दिवस काहीच नाही.

ही शाळा सर्वांसाठी खुली नव्हती. मुलींना बहुतेक ठिकाणी पाणी भरण्यापुरतीच विहीर होती. पाण्यात उतरण्याची नव्हे. पूर आला की घरातले पुरुष पोहून निघत आणि बायका-मुलांना होडीची वाट पाहावी लागे. दलितांची स्थिती याहून कठोर होती. साताऱ्यात शिकणारा लहानगा भीमराव आंबेडकर १९०१ मध्ये भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यापासून पुढच्या सबंध प्रवासात या मुलांना कोणी पाणी मिळू दिले नाही. सोबतचा डबा तसाच राहिला, कारण पाण्यावाचून घास उतरेना. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. ज्या पाण्याची ओंजळ मिळत नव्हती, त्यात भोपळा बांधून उतरण्याचा प्रश्नच नव्हता. पोहता येणे ही वरकरणी अंगातली कला. प्रत्यक्षात ती पाणवठ्यावरच्या हक्काची खूण होती.

विहीर तरंगायला शिकवते, नदी ओलांडायला नाही. वाहत्या पाण्याचे शास्त्र निराळे. समजा, पुरात पात्र २५० मीटर रुंद झाले आहे, पोहणारा तासाला एक किलोमीटर कापतो आणि पाणी तासाला सहा किलोमीटर धावते. समोरच्या काठाला लागायला त्याला १५ मिनिटे लागतील आणि तेवढ्या वेळात तो दीड किलोमीटर खाली वाहून गेलेला असेल. समोरच्या झाडावर नजर ठेवून प्रवाहाविरुद्ध झगडणारा दमतो आणि बुडतो. जाणता माणूस शरीर काठाकडे आडवे ठेवतो आणि वाहून जाणे मान्य करतो. काठावरून पाहणाऱ्याला तो तिरका जाताना दिसतो. म्हणून नदीकाठचे लोक पलीकडच्या घाटाला जायचे असेल, तर बरेच वर चालत जाऊन मग पाण्यात उतरत. १९४३ च्या त्या दिवशी बंद्यांना असा घाट निवडायची सवलत नव्हती. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. त्या संगमाचे पाणी पावसाळ्यात कोणालाही सहज सोडत नाही.

एक जागा मात्र पट्टीचे पोहणारेही टाळत आले आहेत, ती म्हणजे बंधाऱ्याखालचे पांढरे पाणी. कराडजवळ खोडशी येथे ब्रिटिश काळात कृष्णेवर बंधारा झाला, पुढे तर गावोगावी लहान बंधारे आले. त्यांवरून कोसळणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि त्या मिश्रणाची घनता कमी होते. जे पाणी एरवी माणसाला पेलते, ते तिथे पेलत नाही. शिवाय तळाशी आपटलेले पाणी पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच फिरते आणि माणसाला त्याच जागी घोळवत ठेवते. छातीत हवा असल्याने माणूस तरतो. भोवती हवा झाली की बुडतो.

ज्यांना पोहता येत नव्हते, त्यांच्यासाठी या मुलखाने एक अजब नौका शोधली होती. गुऱ्हाळातली काहील. उसाचा रस आटवून गूळ करण्याची ही लोखंडी कढई एरवी चुलवाणावर असते. पूर आला की ती पाण्यात उतरवायची, माणसे बसवायची आणि चार पोहणाऱ्यांनी कड धरून पैलतीरी न्यायची. लोखंडाचा तुकडा बुडतो, मग लोखंडाची काहील का तरंगते? कारण तिच्यासोबत तिच्या पोकळीतली हवाही पाणी बाजूला सारते. अडीच मीटर व्यासाची सपाट बुडाची काहील धरली, तर ती दर १० सेंटिमीटर बुडताना सुमारे ४९० लिटर पाणी सारते, म्हणजे तेवढ्याच किलोंचा भार उचलते. काहिलीचे स्वतःचे वजन वजा जाता सात-आठ माणसे बसतील, कड पाण्याच्या बरीच वर राहील. हिशेब अगदी सोपा, पण त्याला एक अट आहे. कोणी उठून उभे राहता कामा नये. तरंगणे आणि न कलंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी आकारमान पुरते, दुसऱ्यासाठी वजनाचा मध्य खाली असावा लागतो. माणसे एका कडेला सरकली, की पाणी आत येते. पाणी आत आले की हवा बाहेर जाते आणि काहील पुन्हा नुसते लोखंड होते. जुनी माणसे काहिलीत बसणाऱ्यांना दरडावून खाली बसवत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गाव सोडून निघालेल्या लोकांची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. १७ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बायका आणि लहान मुले होती. नदीच्या काठावर पिढ्या घालवलेले हे गाव. पण मोटा कधीच्या थांबल्या, त्यांची जागा पंपांनी घेतली, अनेक विहिरी उन्हाळ्यात तळाला जाऊ लागल्या, पोरांचा दुपारचा वेळ दुसरीकडे गेला. बायकांना तर ते पाणी आधीही कधी मोकळे नव्हते.

पुराच्या बचावकार्यात आता नारिंगी लाइफ जॅकेट वापरतात. त्यात बहुधा फोम असतो, म्हणजे असंख्य लहान कप्प्यांत कोंडलेली हवा. प्रौढांचे नेहमीच्या दर्जाचे जॅकेट १०० न्यूटनचे असते, म्हणजे ते साधारण १० किलोंना आधार देते. दोन चांगल्या वाळलेल्या भोपळ्यांइतका. फरक एवढाच, की त्याचा बहुतेक भराव छातीवर असतो आणि त्यामुळे बेशुद्ध माणूसही शांत पाण्यात उताणा होतो, नाक-तोंड वर. भोपळा शुद्धीत असलेल्या पोरासाठी होता.